उतरता आवाज

नोटीसबोर्डावरचं पत्र तिनं पाहिलं ते बाटलीत पाणी भरून जागेवर परतताना. सुट्ट्यांची यादी आणि कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची चिठ्ठी यांच्या मधोमध, चारही कोपऱ्यांत टाचण्या टोचून ते नीट लावलेलं होतं. रेघांचा कागद, निळी शाई, वळणदार अक्षर. ‘ज्या ताई त्या दुपारी आमच्याशी फोनवर बोलत होत्या त्यांचं नाव मला ठाऊक नाही,’ असं ते सुरू होत होतं. त्यांच्या आवाजामुळे आम्ही दोघंही अखेरपर्यंत शांत राहिलो. माझी पत्नी घाबरली नाही. माझा हात धरून ती गेली. मी आपला जन्मभर ऋणी आहे. खाली सही आणि पूर्ण पत्ता, मजल्यासकट. तिनं ते उभ्याउभ्या वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. बाटलीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं आणि पाणी चपलेवर सांडत होतं, हे तिला मागून कुणीतरी सांगितल्यावर कळलं. तक्रार असती तर तिला काय करायचं ते माहीत होतं. तक्रारीला एक फॉर्म असतो, तो भरायचा असतो, साहेबांसमोर खाली मान घालून उभं राहायचं असतं. हे पत्र घेऊन कुठं जायचं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

रुग्णवाहिकेसाठीचे फोन जिथं येतात त्या हॉलमध्ये ती अकरा वर्षं काम करत होती. कानावर हेडफोन, समोर दोन पडदे. एकावर माहिती भरायची, दुसऱ्यावर शहराचा नकाशा आणि त्यावर सरकणारे हिरवे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक गाडी. पत्ता घ्यायचा, गाडी सोडायची आणि ती दाराशी पोहोचेपर्यंत समोरच्याला बोलण्यात धरून ठेवायचं. सुरुवातीला शिकवायला आलेल्या गृहस्थांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा घोटून घेतली होती. वाक्याचा शेवट खाली उतरला पाहिजे, जिना उतरल्यासारखा. शेवट वर गेला की त्याचा प्रश्न होतो, आणि घाबरलेल्या माणसाकडे उत्तरं नसतात. बाकीच्यांना हे जमायला महिना लागला. तिला दोन दिवसांत जमलं. लहानपणी बाप तणतणत घरात शिरला की आई तिलाच पुढं ढकलायची, ‘जा, तू बोल’ म्हणायची, आणि नऊ वर्षांची ती दाराशी उभी राहून शाळेतलं काहीबाही हळू आवाजात सांगत राहायची, तो खुर्चीत बसेपर्यंत. हॉलमध्ये सगळे तिला ‘अंगाई’ म्हणायचे. एखादा फोन हाताबाहेर जायला लागला की पलीकडून हाक यायची, अंगाईकडे द्या रे तो. तिलाही ते नाव आवडायचं. लपवायचं कशाला, चांगलंच आवडायचं.

त्या दुपारचा फोन हाताबाहेर गेलेला नव्हता. म्हातारे गृहस्थ अगदी मुद्देसूद बोलत होते. पत्नीला धाप लागली आहे, ओठ निळसर दिसताहेत, वय अडुसष्ट. तिनं गाडी सोडली, काकूंना उशांना टेकवून बसवायला सांगितलं, खिडकी उघडायला सांगितलं. ‘काका, गाडी निघाली आहे. मी आहे.’ बाराव्या मिनिटाला नकाशावरचा ठिपका पुलाच्या तोंडाशी थांबला आणि हललाच नाही. पुलावर काहीतरी उलटलं होतं, दोन्ही बाजूंनी रस्ता बंद. दुसरी गाडीही नदीच्या त्याच अंगाला. इस्पितळ मात्र काकांच्या बाजूला होतं, पंधरा मिनिटांवर. तेवढ्यात काकांनी विचारलं की शेजारणीची गाडी खाली उभी आहे, काढू का, नेऊ का हिला. नियम असा की पेशंटला हलवा असं फोनवरून सांगायचं नाही आणि उशिराचं कारण द्यायचं नाही, माणसं घाबरतात. ती म्हणाली, ‘नका हलवू, काका. गाडी येतेच आहे. मी आहे ना लाइनवर.’ पाच-सहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणखी थोडं हळू, आणखी थोडं खाली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. अडतिसाव्या मिनिटाला गाडी पोहोचली. तिनं तक्त्यात वेळ भरली आणि पुढचा फोन घेतला. तो एका स्वयंपाक्याचा होता, त्याचा हात भाजला होता.

पत्र येईपर्यंतचा दीड महिना ती बरी होती, म्हणजे बरी असल्यासारखी होती. पत्रानंतर अंगाचा एकेक भाग बिघडत गेला. सकाळी जबडा उघडेना, दोन बोटं दातांत धरून तो सैल करावा लागे. खांदे कानापर्यंत चढून बसलेले. श्वास घेतला की तो मध्येच एका पायरीवर थांबायचा, पुढची पायरी सापडायची नाही. उजव्या कानाला, जिथं हेडफोन टेकतो तिथं, केसाची बट लागली तरी ती दचकायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं, आणि त्यांनी ‘ताण आहे’ असं म्हणून गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तिला कामावर शब्द आठवेनात, म्हणून तिनं त्या बंद केल्या. नवरा रात्रीचं तिचं दात खाणं ऐकून उठून बसायचा. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं. तो एकदा सहज म्हणाला की माझ्याकडची माणसं सुटल्यावर आधी शिव्या देतात, मग पाणी मागतात, तुझं बरं आहे, तुला पत्रं येतात. तो थट्टेनं म्हणाला होता. ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ नुसती उभी राहिली.

महिनाअखेरीला साहेबांनी सगळ्यांना दहा मिनिटं उभं केलं, पत्र मोठ्यानं वाचलं आणि टाळ्यांच्या आवाजात तिच्या हाती एक पाकीट दिलं. आत सुगंधी तेलांच्या मालिशचं कूपन होतं, सहा वेळांचं. साहेब मनानं चांगले होते. तिचे चढलेले खांदे त्यांनाच आधी दिसले होते. त्यांच्या बायकोला म्हणे या मालिशचा फार गुण आला होता. घरी नवऱ्यानं कूपन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, ‘फुकट ते पौष्टिक. जाऊन ये.’ कूपन कशाबद्दल मिळालं हे त्याला माहीत होतं. पण ते खरोखर कशाबद्दल मिळालं, हे तिनं त्याला सांगितलेलं नव्हतं.

चष्म्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ती जागा होती. एका बाजूला शिकवणीचे वर्ग, दुसऱ्या बाजूला बंद दार, मध्ये ही खोली. मालीश करणारी बाई पन्नाशीची, आखूड नखांची, मनगटं जाड. तिनं तीन कागदी पट्ट्या तिच्या नाकाशी धरल्या. एक लव्हेंडर, एक नारंगीच्या सालीचं, एक चंदन. कुठला वास बरा वाटतो? तिला कुठलाच बरा किंवा वाईट वाटेना. प्रश्न विचारला गेला आहे एवढंच तिला कळत होतं. मधला, असं ती म्हणाली, लवकर सुटावं म्हणून. बाईनं बदामाच्या तेलात थेंब मोजून टाकले, तळहात एकमेकांवर चोळले. पालथं पडल्यावर तोंडासाठी मेजाला भोक होतं. त्यातून खाली एक फरशी दिसत होती, तिच्यावर नदीसारखी वाकडी चीर, आणि अधूनमधून बाईच्या कापडी सपाता. अंगठे मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरू लागले. कानाजवळ आल्यावर ती आक्रसली. बाई तिथून लगेच बाजूला झाली, काही विचारलं नाही. आणि मग म्हणाली, ‘सोडा श्वास. घाई नाही. मी आहे.’

तिनं डोळे मिटलेले होते ते उघडले. चीर, फरशी, सपाता. वाक्य जिना उतरून खाली आलं होतं. एकेका पायरीवर पाय नीट टेकवत, शेवटच्या पायरीवर थोडं थांबून. हा तिचाच आवाज होता. दुसऱ्याच्या गळ्यातून निघालेला तो आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला, आणि तो अंगावर पडला की काय होतं तेही पहिल्यांदाच कळलं. खांदे उतरले. तिनं उतरवले नव्हते, ते आपोआप उतरले, मालकाला न विचारता खाली बसलेल्या कुत्र्यासारखे. इतकं सोपं असतं हे? काकूंचेही असेच उतरले असतील. ओठ निळे, बोटं गार, आणि फोनमधून आवाज येतो मी आहे, आणि अंग बापडं विश्वास ठेवतं. निघताना तिनं विचारलं की हे बोलणं तुम्ही कुठं शिकलात. बाई हात धूत होती. म्हणाली, कोर्समध्ये शिकवतात. अर्धं काम हातांचं, अर्धं आवाजाचं.

ती दुसऱ्या गुरुवारी गेली, तिसऱ्या गुरुवारीही. न जायला कारण हवं होतं आणि ते सांगण्याजोगं नव्हतं. तिसऱ्या वेळेनंतर ती सलग सहा तास झोपली. सकाळी जबडा उघडला तो सहज, एखाद्या भल्या घराच्या दारासारखा. नवरा खुशीत चहा घेऊन आला, काल तू दात खाल्ले नाहीस म्हणाला, उशीला नारंगीचा वास येतोय म्हणाला, अशीच जात राहा. तिनं कप हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. काहीही बदललं नव्हतं. ठिपका पुलाशी उभा होता, शेजारणीची गाडी खाली उभी होती, काकांनी दोनदा विचारलं होतं. त्यातलं एक अक्षरही पुसलं गेलेलं नसताना अंग मात्र तेल लावून, गाढ झोपून, तरतरीत होऊन बसलं होतं. निर्लज्ज असतं अंग. त्याला चोळलं की ते कुणाचंही ऐकतं. तिला आईची बॅग आठवली. एकदा आईनं खरोखरच बॅग भरली होती, पलंगाखाली ठेवली होती, मावशीला निरोपही धाडला होता. त्या संध्याकाळी बाप नेहमीसारखा आला आणि ती नेहमीसारखी दाराशी जाऊन बोलली. तो बसला, जेवला, आईशी दोन शब्द गोडही बोलला. दुसऱ्या दिवशी आईनं बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावल्या आणि तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, तू आहेस म्हणून निभतंय. पुढं एकवीस वर्षं निभलं, आई वारेपर्यंत. हे तिनं कधी अशा तऱ्हेनं एकाशेजारी एक ठेवून पाहिलं नव्हतं. कामावर त्या दिवशी एका बाईचा फोन आला, नवरा जिन्यावरून पडला होता. ती म्हणाली ‘मी आहे’, आणि आवाज इतका सुरेख लागला की शेजारच्या मुलीनं वळून पाहिलं.

चौथ्या वेळी ती बोलली. फरशीकडे बघत, मेजाच्या भोकातून, म्हणजे जवळजवळ जमिनीशीच. पूल, ठिपका, गाडी, पत्र, टाळ्या, कूपन. सांगताना आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. बाईचे हात एका जागी थांबले, मग पुन्हा चालू लागले. सांगून झालं तेव्हा तिला क्षणभर धास्ती वाटली की आता ही म्हणेल, तुमची काय चूक, तुम्ही नियमानं वागलात. तसं ती म्हणाली असती तर ती उठून गेली असती. पण बाईनं दुसरंच सांगितलं. तिच्याकडे एक शिवणकाम करणारी बाई आठ महिने यायची, दर मंगळवारी. डाव्या पाठीत गाठ. मशीनवर वाकून वाकून झाली असेल असं तीच म्हणायची. तुमच्या हाताला गुण आहे, इथून गेलं की चार दिवस दुखत नाही, म्हणायची.

‘ती गाठ स्नायूची नव्हती,’ बाई म्हणाली. ‘माझ्या हाताला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. ताणलेला स्नायू अंगठ्याखाली सरकतो. ही सरकत नव्हती.’

‘मग सांगितलं नाहीत?’

‘ती इतकी सुखानं पडलेली असायची. उद्या सांगू, पुढच्या मंगळवारी सांगू. आठ महिने.’ हात पाठीवरून लांब, सलग, खाली गेले. ‘मी चोळत नसते तर तिला दुखलं असतं. दुखलं असतं तर गेली असती डॉक्टरकडे.’

ती वाट पाहत राहिली. मग काय झालं, तुम्ही कशा जगलात, हे कसं निभावता, असं पुढचं काहीतरी येईल म्हणून. शेवटी तिनं विचारलंच, मग? बाई म्हणाली, मग काय, ती वारली, पुढच्या मंगळवारी त्या वेळेला दुसरी बाई आली, तिचा गुडघा होता. थोड्या वेळानं बाईनं विचारलं की तुमची मान आणखी करू का, आज फार आवळली आहे. ती ‘करा’ म्हणाली. मान मोकळी झाली. तिचं आजवर कुणाशी इतकं बोलणं झालं नव्हतं, आणि त्यातून काहीही निघालं नव्हतं. चष्म्याच्या दुकानाबाहेर येऊन ती थांबली तेव्हा काचेत तिचे खांदे अगदी सरळ, समान रेषेत दिसत होते.

पाचव्या गुरुवारी ती मालिशला गेली नाही. पत्रावरचा पत्ता तिला कधीच पाठ झालेला होता. नवऱ्याला ती मालिशलाच निघाल्याचं सांगून निघाली, नदी ओलांडली, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढली. चढताना ती मनात वाक्यं खडबडीत करून घेत होती. काका, तुम्ही माझे आभार मानू नका. काका, त्या वाचल्या असत्या. एकदम, तोडून, शेवट वर नेऊन बोलायचं, बाजारात भांडतात तसं. दार उघडलं ते एका उंच, बारीक माणसानं. स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. उजवा हात थरथरत होता, फोनवर ते कळलं नव्हतं. त्यांनी कोण म्हणून विचारलं. ‘मी त्या दिवशी फोनवर—’ एवढंच ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

‘तुम्ही,’ ते म्हणाले. ‘या. या ना.’

खोली नीटनेटकी होती. काका भूमिती शिकवायचे, भिंतीवर लाकडी कंपास आणि मोठा कोनमापक टांगलेला होता. दोन खुर्च्या खिडकीला लावलेल्या, एकीवर घडी उघडलेलं वर्तमानपत्र, दुसरी रिकामी. त्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी तिला बसवलं. चहा करतो म्हणाले, तिनं नको म्हटलं. ते समोर बसले, हात मांडीवर ठेवून, वर्गात तपासणीला कुणी आलं की शिक्षक बसतात तसे. मग तिनं सांगितलं. बाराव्या मिनिटाला मला नकाशावर दिसलं होतं, काका, की गाडी पुलाशी अडकली आहे. इस्पितळ तुमच्या बाजूला होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं असतं तर तुम्ही पंधरा मिनिटांत पोहोचला असता. काकू कदाचित आज इथं बसल्या असत्या. मी तुम्हाला दोनदा थांबवलं. पहिल्याच वाक्याला तिच्या लक्षात आलं की आवाज खाली उतरतो आहे. दुसऱ्याला तिनं तो वर ओढायचा प्रयत्न केला, तो आला नाही. प्रत्येक वाक्य आपणहून जिना उतरत होतं, शेवटच्या पायरीवर जरासं थांबत होतं. ‘काकू बसल्या असत्या’ हेसुद्धा तिच्या तोंडून ‘मी आहे’सारखंच निघालं. तिला ओरडावंसं वाटलं. ओरडणं तिच्याकडे नव्हतंच, घरात ते सगळं बापानं वापरून टाकलं होतं. आणि समोर काकांनी मान खुर्चीच्या पाठीला टेकवली, डोळे मिटले. मांडीवरचा हात थरथरायचा कमी झाला, मग थांबला.

ती बोलायची थांबली.

‘माहीत आहे मला,’ ते डोळे न उघडता म्हणाले. ‘पूल बंद होता ते दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. शेजारीण किल्ली घेऊन वर आली होती. तुम्ही बोलत होता तेव्हा किल्ली माझ्या मुठीत होती. चाळीस वर्षं गाडी चालवलीय मी.’

‘मग पत्र का लिहिलंत?’

‘आभार मानले नसते, तर दुसरं काय मानायचं होतं मी? की मीच तिला नेलं नाही?’

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. काकांचा हात पुन्हा हलू लागला. आधी बोटं, मग मनगट, मग स्वेटरची बाही. डोळ्यांच्या पापण्या हलल्या.

‘बोला,’ ते म्हणाले. ‘काहीही बोला. थांबू नका.’

तिला उठता आलं असतं. दार चार पावलांवर होतं, नुसतं ओढून घेतलेलं. नवरा वाट पाहत असेल, मालिशवाली बाई वहीत आज ‘आल्या नाहीत’ असं लिहील. उठून ती काय घेऊन जाणार होती? पुढच्या गुरुवारी त्याच मेजावर पालथी पडेल, मान मोकळी होईल, सकाळी जबडा उघडेल. काकांचा थरथरणारा हात आता खुर्चीच्या लाकडावर बारीक टकटक वाजत होता. तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि जे दिसलं ते सांगायला लागली. समोरच्या गच्चीवर एक बाई वाळलेले कपडे काढते आहे. तिनं चिमटे दातांत धरलेत. आता तिनं चादर काढली, एकटीनंच घडी घालते आहे, एक टोक हनुवटीखाली धरून. तिच्यामागे पाण्याच्या दोन टाक्या आहेत, एक काळी, एक निळी. निळीवर एक कबूतर बसलंय. टकटक थांबली. काकांचं तोंड किंचित उघडलं, श्वास लांब झाला. ती सांगत राहिली. बाई खाली गेली, कबूतर उडालं, एका खिडकीत दिवा लागला, मग दुसऱ्या. मध्येच ती श्वास घ्यायला थांबली की काकांच्या कपाळावर आठी उमटायची, म्हणून ती थांबणं टाळत होती. घसा सुकत आला होता. टाक्यांचा रंग कळेनासा झाला, मग टाक्याच कळेनाशा झाल्या. काच काळी झाली आणि तिच्यात फक्त ही खोली दिसू लागली. सांगण्यासारखं बाहेर काही उरलं नाही. ती थांबली, आणि काकांनी डोळे उघडले.